घरात माणसं किती

पत्रेगल्लीत नवखा माणूस शिरला की आधी कानात बोटं घालतो आणि मग पत्ता विचारतो. विचारून फारसा उपयोग होत नाही, कारण ज्याला विचारलं त्याला प्रश्नच ऐकू गेलेला नसतो. दोन्ही बाजूंना मिळून अडतीस दुकानं, प्रत्येक दुकानात एक ऐरण, आणि प्रत्येक ऐरणीवर कोणी ना कोणी काही ना काही बडवत बसलेला. बादल्या, नरसाळी, डबे, पिंपांची झाकणं. सकाळी आठाला सुरू झालेला हा दणदणाट दिवेलागणीलाच थांबतो. गल्लीतली माणसं एकमेकांशी प्रेमानं बोलत असली तरी लांबून भांडण जुंपल्यासारखं वाटतं. आणि भांडण जुंपलं तर मात्र कोणाला पत्ता लागत नाही.

या गल्लीच्या मध्यावर पेटीकाकांचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे चूल आणि मोरी, वर सामानाचा पोटमाळा. पेटीकाका पत्र्याच्या पेट्या करायचे. त्यांचे वडीलही पेट्याच करायचे. पेटीकाकांच्या पेटीचं झाकण असं बसायचं, की आत भांडण कोंडलं तरी बाहेर येणार नाही, असं ते स्वतःच गिऱ्हाइकाला सांगायचे. स्वतःची स्तुती स्वतःच करावी लागते, गल्लीत दुसरा कोणी करेल तर ती ऐकू येणार कशी, हा त्यांचा ठरलेला विनोद. चाळीस वर्षं तोच विनोद, आणि गिऱ्हाईकही बिचारं चाळीस वर्षं हसत आलेलं.

चाळिशीत त्यांचा डावा कान गेला आणि पन्नाशीत उजवा अर्धा. पण गल्लीत याला कोणी बहिरेपण म्हणत नाही. पोट सुटतं, केस पिकतात, तसा कान जड होतो. बहिरा म्हणजे जन्माचा, आणि तो शब्द दुसऱ्याच्या घराविषयी आणि पाठीमागे वापरायचा असतो.

पेटीकाकांची एकुलती एक लेक जन्माची बहिरी होती.

ते कळायलाही तीन वर्षं गेली. हाक मारल्यावर वळून न बघणं हा काही या गल्लीत आजार नव्हे. सगळीच पोरं तशी. एक दिवस तिच्या पाठीमागे भिंतीला टेकवलेली पत्र्यांची चळत कोसळली. चार घरं पलीकडून माणसं धावत आली. पोरगी मात्र झाकणांवर झाकणं रचत शांत बसलेली. पेटीकाकूंनी तेव्हाच ओळखलं. पेटीकाकांनीही तेव्हाच ओळखलं, फक्त कबूल करायला त्यांना आणखी एक वर्ष लागलं.

बापानं तिच्याशी बोलायची वाट शोधली ती अशी. ऐरण एका जाडजूड फळीवर बसवलेली होती आणि ती फळी दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली. लेक फळीच्या दुसऱ्या टोकाला तारा सरळ करत बसायची, अनवाणी, तळपाय फळीला टेकवून. पेटीकाकांना ती हवी असली की ते ऐरणीवर दोन ठोके मारत, मधे थोडं अंतर सोडून. दिवसभराच्या हजार ठोक्यांत ते दोन तिला बरोबर कळायचे. ती मान वर करायची. बापाचा चेहरा बघायची आणि हसायची. बाकीच्या गल्लीत बापानं दहा हाका मारल्या तरी पोरं ढिम्म, आणि इथे बहिरी पोर दोन ठोक्यांत हजर. याचा पेटीकाकांना मनातून फार अभिमान होता. मनातूनच.

कारण लोकांत बोलायची सोय नव्हती. लेक विशीची झाली तेव्हा एक स्थळ आलं आणि पाणी पिऊन गेलं. दुसरं आलं, त्यातल्या म्हाताऱ्यानं मुद्दाम तिच्या पाठीमागे ताट आपटून बघितलं. त्या दिवसापासून पेटीकाकांनी कानाला खडा लावला. आपल्या लेकीचा विषय चारचौघांत काढायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ त्यांनी वर्षानुवर्षं इतकी घट्ट झाकून धरली, की आत काय आहे ते त्यांनाही दिसेनासं झालं.

अशातच परदेशातल्या कुठल्याशा सरकारनं या देशाला मदत करायचं ठरवलं. त्यांना नेमकी आपली गल्ली कशी सापडली, हे गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही. मोठ्या गाडीतून माणसं आली, पत्र्याचे फोटो काढले, आणि ‘सर्वसमावेशक आर्थिक विकास’ असं लिहिलेलं कापड गल्लीच्या तोंडाशी टांगून गेली. गल्लीचे पुढारी बादलीशेठ यांनी त्याचा अर्थ सगळ्यांना समजावून सांगितला: सगळ्यांना मिळणार. काय मिळणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मदतीच्या आधी फॉर्म आला. फॉर्मवाला सडपातळ, घामाघूम, पाठीला पिशवी. तो दारोदार बसून विचारायचा: घरात माणसं किती, प्रत्येकाचं वय काय, शिक्षण काय, लग्न झालंय का, काय काम करतात, कोणाला दिसायला, ऐकायला, बोलायला, चालायला अडचण आहे का. आणि भोवती सगळी गल्ली उभी. दुसऱ्याच्या घरची उत्तरं ऐकायला त्या दिवशी सगळ्यांचे जड कान हलके झाले होते.

“कोणाला ऐकायला कमी येतं का?” त्यानं बादलीशेठना विचारलं.

“काय?”

“ऐकायला! कमी! येतं का?”

“जरा मोठ्यानं बोला की राव!”

“बहिरं कोणी आहे का घरात?”

“छे छे! आमच्याकडे असलं काही नाही!” बादलीशेठ ओरडले.

फॉर्मवाल्यानं ‘नाही’ लिहिलं. त्यानं तरी काय करावं? फॉर्ममध्ये माणसाचं उत्तर लिहायचं असतं, माणूस नाही.

पेटीकाकांच्या शेजारी नरसाळीवाला राहायचा. त्याचा मोठा मुलगा तोतरा. तो घरात आहे हे कळल्यावर फॉर्मवाल्यानं त्यालाच समोर बसवलं आणि स्वतःचं नाव सांगायला लावलं. फॉर्मवाल्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते नाव तोंडातून बाहेर पडेपर्यंत गल्लीनं मनसोक्त हसून घेतलं. नरसाळीवाल्याची बायको पदर तोंडाला लावून आत गेली. पेटीकाका आपल्या ऐरणीपाशी बसून हे सगळं बघत होते. पुढचा नंबर त्यांचा.

“घरात माणसं किती, काका?”

लेक फळीच्या दुसऱ्या टोकाला तारा सरळ करत बसली होती. तिनं पाहुणा आलेला बघितला, उठली, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि हसून त्याच्यापुढे धरला. फॉर्मवाला घटाघटा पाणी प्याला.

“दोन,” पेटीकाका म्हणाले. “मी आणि ही घरातली.”

“आणि या ताई?”

गल्ली ऐकत होती. म्हणजे गल्लीला सगळं ठाऊकच होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि सगळ्यांदेखत तोंडानं सांगणं वेगळं. पेटीकाकांच्या डोळ्यांपुढे ताट आपटणारा म्हातारा आला. आता हा तिला समोर बसवणार, टाळ्या वाजवून बघणार, आणि सगळे हसणार.

“ती होय? शेजारची आहे. हाताखाली येते कामाला,” ते म्हणाले.

लेक रिकामा तांब्या घेऊन आत गेली. आतल्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि लेकीच्या हातून तांब्या घेतला. पेटीकाकांनी सही केली. एका माणसाला घरातून वजा करायला तेवढाच वेळ लागला.

सहा महिन्यांत गल्लीच्या मागच्या मोकळ्या जागेवर शेड उभी राहिली. आत पत्रा वाकवायचं मोठं मशीन, गोल वळवायचं दुसरं, आणि जोड मारायचं तिसरं, पायानं दाबायचं. इथे धान्य साठवायच्या मोठ्या कोठ्या करायच्या आणि त्या मदतवाल्यांचं प्रोजेक्टच विकत घेणार. दर दुकानाला एक कार्ड. पेटीकाकांचा नंबर सतरा.

शिकवायला एक उंच साहेब परदेशातून आला. त्याची भाषा इथे कोणाला येईना, दुभाषी आठवड्यातून दोनच दिवस यायचा, आणि आला तरी मशीनच्या आवाजात त्याचं बोलणं कोणाला ऐकू जायचं नाही. पेटीकाकांचा उजवा खांदा तोवर कामातून गेलेला. मशीनचा दांडा त्यांना ओढवेना. म्हणून त्यांनी लेकीला सोबत नेलं, नुसती दांडा ओढायला. तिसऱ्या दिवशी उंच साहेब हातवारे करून तिला समजावत होता आणि ती हातवारे करून त्याला उलट प्रश्न विचारत होती. दोघांचं असं काही जमलं, की साऱ्या गल्लीत परदेशी साहेबाशी दुभाष्याशिवाय बोलणारी ती एकटीच ठरली. बादलीशेठ हे सगळं बघत राहिले. त्यांच्या तीन मुलांनी साहेबाची भाषा शिकायला क्लास लावला होता.

तिचं काम बघण्यासारखं होतं. डावा तळहात ती मशीनच्या अंगावर ठेवायची आणि उजव्यानं दांडा ओढायची. पत्रा नीट बसलाय की तिरका गेलाय हे तिला हातातल्या थरथरीनं कळायचं. एकदा तिनं मशीन मधेच बंद केलं आणि शेडच्या मुकादमाला हाताला धरून आणलं. त्याला काहीच दिसेना. खोलून बघितलं तर आतलं बेअरिंग फुटायच्या बेतात आलेलं. कोठी पुरी झाली की ती स्वतः कोठीच्या आत शिरायची, झाकण लावून घ्यायची आणि कुठून उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायची. ठिपका दिसला की आतून थाप. बाहेर पेटीकाका त्या जागी खडूनं फुली मारायचे. बापाकडे आता तेवढंच काम उरलं होतं, आणि ते त्यांना फार आवडायचं.

प्रोजेक्टकडून पायात घालायला जाड तळाचे बूट मिळाले. अर्थात सतरा नंबरच्या मापाचे, म्हणजे पेटीकाकांच्या. लेक पुढच्या टोकाला चिंध्या भरून तेच घालायची. घरी आली की आधी बूट काढायची, आणि मग तळपाय फळीवर. बूट घातल्यावर बापाच्या हाका ऐकू येत नाहीत ना!

आणि कार्ड? कार्डावर पेटीकाका. हजेरी पेटीकाकांची. कोठीवर शिक्का सतरा. मुकादमाला काय, नंबर जुळला की झालं. दर तीन महिन्यांनी कागद जायचा: कार्ड सतरा, पुरुष, वय अठ्ठावन्न, धडधाकट, काम तिप्पट वाढलं. एका वर्षी फोटोवाला आला. त्यानं लेकीला मशीनपासून बाजूला व्हायला सांगितलं आणि ज्या मशीनचा दांडा पेटीकाकांना हलवता येत नव्हता, त्यावर त्यांचा हात ठेवून फोटो काढला. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकात तो छापून आला. लेकीनं तो कापून दुकानात, फळीच्या वरच्या भिंतीवर चिकटवला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती बोटानं दाखवायची: माझे बाबा.

तेव्हा तरी सांगायचं. पण पेटीकाकांचं म्हणणं असं, की चाललंय ते बरं चाललंय, उगाच कशाला पोळ्यात हात घाला.

खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत पेटीकाकांना आयुष्यात पहिल्यांदा निवांत झोप लागत होती. आपण गेल्यावर हिचं काय, हा एकच प्रश्न त्यांना पंचवीस वर्षं पोखरत आला होता. हातानं पेट्या करून आता कोणाचं पोट भरत नव्हतं. बाजारात प्लॅस्टिक आलं होतं. पण मशीन चालवणारीला मरण नव्हतं. आणि मुकादम सांगत होता की पुढच्या टप्प्यात शेड कायमची होणार, मशीनवरच्या पाच जणांना पक्की नोकरी मिळणार. पाचांत पहिला नंबर सतराचा.

“पाचात आली की माझं काम संपलं बघ,” ते काकूंना म्हणायचे.

“नाव कोणाचं लागणार पण? तिचं की तुमचं?” काकू विचारायच्या.

“लागेल गं. बघू.”

पुढचा टप्पा ठरवायला मोठ्या ऑफिसातून तपासणीच्या मॅडम आल्या. शेडमध्येच मीटिंग ठेवली. पुढे खुर्च्या, मागे भिंतीला लागून बायका, त्यांत काकूही. मशीनच्या आवाजानं बोलणं ऐकू येईना, म्हणून मुकादमानं लेकीला खूण करून मशीन बंद करायला लावलं. ती हात पुसत, ते मोठे बूट घालून तिथेच उभी राहिली.

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर चार शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं. त्यांनी सगळ्यांचं कौतुक केलं, कोठ्या चांगल्या आहेत म्हणाल्या, आणि मग फाइल उघडली.

“एकच गोष्ट मला समजत नाही. ही मदत मुख्यतः ज्यांना कोणी कामाला घेत नाही त्यांच्यासाठी आहे. बायका, अपंग माणसं. तीन वर्षांत इथे एकही बाई नाही. आणि अपंग व्यक्ती, शून्य.”

बादलीशेठना शेवटचे तीन शब्द तेवढे ऐकू गेले. ते छाती काढून उभे राहिले. “शून्य! बरोबर आहे मॅडम! आमच्या गल्लीत तसलं कोणी नाही. सगळी धडधाकट माणसं!”

“मग ही शेड इथे ठेवता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “दुसऱ्या एका गावात अशी साठ माणसं नोंदलेली आहेत आणि त्यांच्याकडे एकही मशीन नाही. ही मशीनं तिकडे हलवायचं जवळजवळ ठरलं आहे.”

हे एकमेकांच्या कानात ओरडून सगळ्यांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. पोचल्यावर शेडमध्ये जी शांतता पसरली, तशी त्या गल्लीनं कधी ऐकली नव्हती.

मॅडमचं लक्ष मशीनपाशी उभ्या असलेल्या लेकीकडे गेलं. “या कोण?”

“सतरा नंबर,” मुकादम सवयीनं बोलून गेला.

मॅडमनी कागद चाळला. “सतरा नंबर तर पुरुष आहे. अठ्ठावन्न वर्षांचा.”

सगळी शेड पेटीकाकांकडे बघायला लागली. पेटीकाकांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. पण समोर मशीन होतं, मशीनपाशी लेक होती, आणि दुसऱ्या गावाला मशीन निघालं होतं. ते उठले. गुडघे धरून उठले.

“माझी मुलगी आहे ती,” ते म्हणाले. “तीन वर्षं मशीन तीच चालवते. मी नुसता खडूनं फुल्या मारतो. तिला ऐकू येत नाही. जन्मापासून.” आणि लेकीला कळावं म्हणून त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावून मान हलवली. एकोणतीस वर्षांत ही खूण त्यांनी चारचौघांत कधी केली नव्हती. लेकीनं बघितलं आणि हसून तीच खूण परत केली. हो, नाही येत. त्यात काय एवढं? तिला त्याची लाज कधी वाटलीच नव्हती. लाज सगळी बापाचीच होती.

मॅडमनी पेन उघडलं. खरंच उघडलं. त्या काहीतरी लिहायला लागल्या होत्या.

तेवढ्यात नरसाळीवाला उभा राहिला. “माझा मुलगा तोतरा आहे, लिहून घ्या!”

“माझ्या आईला काही ऐकू येत नाही!” आणखी कोणी ओरडलं.

“आमच्याकडे एक पायानं अधू आहे, माळ्यावर असतो!”

“मला स्वतःला ऐकू येत नाही, मॅडम! अजिबात येत नाही!” बादलीशेठ म्हणाले. पाच मिनिटांपूर्वी धडधाकट असलेले हेच बादलीशेठ.

बघता बघता सगळी गल्ली उठून पुढे आली. थोड्या वेळापूर्वी जिथे एकही बहिरा नव्हता, तिथे एकतीस बहिरे झाले. आणि गंमत अशी की सगळे खरं बोलत होते. गल्लीनं जन्मात पहिल्यांदा एकमुखानं खरं सांगितलं, आणि ते इतकं खोटं वाटत होतं की ऐकणाऱ्याला हसू यावं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“काका, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं,” त्या पेटीकाकांना जवळ बोलावून म्हणाल्या. “पण आता मी कोणाचं खरं धरू? मशीनसाठी माणसं काहीही सांगतात, मी बघितलंय. मला पहिला फॉर्मच धरावा लागेल. तुमचाच आहे हा. तुमची सही आहे.” त्यांनी फाइल त्यांच्याकडे फिरवली आणि वाचून दाखवलं. “घरातली माणसं, दोन. शेरा: दुकानात एक तरुण मुलगी दिसली, शेजारची असल्याचं सांगितलं.”

काय चाललंय ते बघायला लेक बापाच्या खांद्याशी येऊन वाकली. अक्षरांशी तिचा फार संबंध नव्हता. पण आकडा तिच्यापासून लपत नसे. टेपवरचे आकडे बघतच तर तिची तीन वर्षं गेली होती. ती घराचं आणि आत माणसांचं चित्र छापलेल्या रकान्याकडे बघत राहिली. घराच्या पुढे दोन.

तिला वाटलं, चूक झाली आहे. चूक दिसली की ती दाखवायची, हेच तिला शिकवलेलं. तिनं मागे भिंतीशी उभ्या असलेल्या आईकडे बोट केलं: एक. बापाच्या छातीला बोट लावलं: दोन. मग स्वतःच्या छातीला बोट लावलं आणि तीन बोटं वर करून मॅडमना दाखवली. मॅडमनी खाली बघितलं. तेव्हा ती बापाकडे वळली आणि त्याचा चेहरा बघितला. तिला चेहरे वाचता येत होते. जन्मभर तिनं दुसरं काय वाचलं होतं?

तिचं तिसरं बोट हळूहळू मिटलं.

तिच्याशी बोलायला पेटीकाकांनी शंभर खुणा शोधून काढल्या होत्या. पाणी, भूक, ऊन, गिऱ्हाईक, मामा, दुखतंय, शाब्बास. या गोष्टीसाठी त्यांच्यापाशी खूण नव्हती. ते नुसते हात जोडून उभे राहिले. कोणापुढे, ते त्यांनाही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात ट्रक आला. पेटीकाका मधल्या दिवसांत दवाखान्यात जाऊन आले होते. लेकीचा बहिरेपणाचा दाखला मिळेल, चार महिने लागतील, आणि त्यासाठी आधी ती याच घरातली आहे असा कागद लागेल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. म्हणजे वरातीमागून घोडं, आणि त्या घोड्यालाही पुन्हा कागद. मशीन काढायला आलेल्यांना बोल्ट सुटेना. लेक पुढे झाली, कुठला आधी सोडायचा ते दाखवलं, आणि मशीन ट्रकवर चढेपर्यंत डावा तळहात त्याच्या अंगावर ठेवून सोबत चालत राहिली. ट्रक गेल्यावर तिनं बूट काढले, आतल्या चिंध्या काढल्या, आणि बूट बापासमोर ठेवले. त्यांच्या मापाचे होते. त्यांचेच होते.

“मीही त्या दिवशी दारातच होते,” काकू चुलीपाशी बसून म्हणाल्या. “मीही ऐकलं. मला बोलता आलं असतं.”

“मग का नाही बोललीस?”

काकूंनी चुलीत लाकूड पुढे सारलं. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

गल्ली पुन्हा बादल्या बडवायला लागली. तोंडाशी टांगलेलं कापड नरसाळीवाल्यानं काढून दुकानावर सावलीला बांधलं. पेटीकाका आता पेट्या करतात, चार महिन्यांत एखादी खपते. लेक फळीच्या दुसऱ्या टोकाला तारा सरळ करत बसते. कामात कसूर नाही. सांगितलेलं सगळं करते, बापाला वेळेवर पाणी देते, जेवायला वाढते. भिंतीवरचा फोटो तिनं काढला नाही. आता फक्त कोणाला दाखवत नाही.

एक दिवस दुपारी पेटीकाकांनी एक पेटी पुरी केली. झाकण लावून बघितलं, सुरेख बसलं. पूर्वीसारखं तिला दाखवावं असं त्यांना वाटलं. त्यांनी हातोडी उचलली आणि ऐरणीवर ठोका मारला. थोडं थांबून दुसरा.

तिनं मान वर केली नाही.

त्यांनी पुन्हा दोन ठोके मारले, जरा जोरात. मग फळीवर वाकून, डोळे बारीक करून तिकडे बघितलं. लेक मांडी घालून बसली होती. तिनं खाली एक जुनं गोणपाट चौघडी करून घेतलं होतं आणि दोन्ही पाय उचलून त्यावर घेतले होते.

फळीच्या त्या टोकाला आता कोणाचाच पाय नव्हता. पेटीकाकांनी हातोडी खाली ठेवली.